चौथा तुकडा

प्रयोगशाळेत तिला सगळे तीनबाई म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीच्या पुस्तकापुरतं उरलं होतं. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा आणि यंत्रावर त्याचे काप काढायचे, हे तिचं काम. बाकीचे काप काढताना यंत्राचा काटा चार किंवा पाच मायक्रॉनवर लावत, ही तीनवर. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तीनचा काप एवढा तलम निघतो की जवळ कुणी शिंकलं तर तो हवेत जातो आणि पुन्हा सापडत नाही. "चारवर काय बिघडतं हो, बाई?" असं एखाद्या नव्या मुलीनं विचारलं, तर ती चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, "काही बिघडत नाही. डॉक्टरांना नीट दिसत नाही, एवढंच."

कामात चोख असलेली माणसं जरा छळवादीच असतात, आणि ही तर एकतीस वर्षं चोख होती. तिच्या पात्यांना कुणी हात लावायचा नाही. काप ज्यावर तरंगवायचे त्या कोमट पाण्याच्या भांड्यात तिच्याशिवाय कुणी बोट घालायचं नाही. कुणाचा काप दुमडलेला निघाला तर ती काही बोलायची नाही, शेजारी उभी राहून नुसती बघायची, आणि समोरच्याच्या हाताला घाम फुटायचा. तिला डॉक्टरकी येत नव्हती आणि येते असा आवही तिनं कधी आणला नाही. पण एकतीस वर्षं काचेवर रंगलेली माणसं बघून बघून डोळा तयार झाला होता. कुठली पेशी धड आणि कुठली बिघडलेली हे तिला कळायचं. ते सांगणं मात्र डॉक्टरांचं काम, आपलं नाही, असं ती म्हणायची. या एका वाक्यानं पुढे तिचा घात केला.

तिचे मिस्टर लिफ्ट दुरुस्त करत. उंच इमारतींच्या माथ्यावरच्या खोलीत जाऊन मोटार, दोर, ब्रेक तपासायचे आणि लिफ्टमधल्या तपासणीपत्रावर तारीख घालायची, हा त्यांचा रोजचा उद्योग. माणूस हसरा, बडबड्या, कुणाचीही टोपी उडवणारा. जेवणाला वेळ नाही, चहाला मोजदाद नाही, त्यामुळे पोटात सतत जळजळ. "आमची तळमजल्याला सुरू होते आणि थेट गळ्यापर्यंत येते, मध्ये कुठे थांबत नाही," असं ते स्वतःच्या जळजळीबद्दल सांगत. वीसेक वर्षं त्यांनी खिशात गोळ्या बाळगल्या. दोघांनीही चहाला दोष दिला, घाईला दिला, स्वभावाला दिला.

सहा वर्षांपूर्वी तिनं त्यांना जवळजवळ ओढतच नळीच्या तपासणीला नेलं. तोंडातून नळी घालून डॉक्टरांनी जठराच्या अस्तराचे पाच तुकडे काढले, प्रत्येक तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा. प्रयोगशाळेत एक अलिखित नियम होता: घरच्या माणसाचा तुकडा आपण कापायचा नाही, शेजारच्या टेबलाला द्यायचा. तिनं दिला नाही. "माझ्या नवऱ्याच्या वाट्याला दुसऱ्याच्या हातचा जाड काप नको," म्हणाली आणि पाची तुकडे एकाच ठोकळ्यात ओळीनं बसवले.

अहवाल बरा आला. अस्तराला सूज आहे, आणि जठरात राहणारे ते नागमोडी जंतू भरपूर आहेत. मोठे डॉक्टर, म्हणजे त्या विभागाचे प्रमुख, भिंगातून डोळा न काढता म्हणाले, "अहो, ही तर जत्रा भरलीय!" चौदा दिवसांची औषधं झाली. त्या गोळ्यांनी तोंड कडू होतं, पोट बिघडतं, निम्मे लोक मध्येच सोडतात. लिफ्टवाल्यांनी एकही चुकवली नाही, कारण बायको घड्याळ घेऊन समोर बसायची. महिन्याभरात जळजळ गेली. वीस वर्षांनी माणूस पोटभर जेवला आणि भेटेल त्याला सांगत सुटला, की मला डॉक्टरांनी नाही, हिनं बरं केलं.

त्याच सुमाराला प्रयोगशाळेतला कंट्रोल संपला. हा कंट्रोल काय असतो तेवढं सांगायला हवं. जंतू दिसावेत म्हणून कापांना एक खास निळा रंग देतात. रंग नीट बसला की नाही हे कळायचं कसं? तर ज्यात जंतू आहेत हे आधीच माहीत आहे असा एक काप दर खेपेला सोबत रंगवायचा. त्यात जंतू निळे दिसले की रंग चांगला, मग बाकीच्यांचा अहवाल लिहायचा. हा सोबतचा काप म्हणजे कंट्रोल. जुना ठोकळा कापून कापून संपला होता आणि नवा हवा होता. तिनं नवऱ्याचा ठोकळा पुढे केला. एवढे दाट जंतू दुसरीकडे कुठे मिळणार? मोठे डॉक्टर म्हणाले, "छान आहे, हाच लावा." तिनं ठोकळ्यावरचा रुग्णाचा क्रमांक खोडला आणि तिथे "कंट्रोल" असं लिहिलं.

खरं सांगायचं तर तिला त्याचा अभिमान वाटला. घरी येऊन सांगितलं तेव्हा लिफ्टवाले खुर्चीतून उठून उभे राहिले. "म्हणजे यापुढे गावभरच्या पोटांची परीक्षा माझ्या पोटाशी ताडून होणार? मग मान द्यायला शिका जरा मला." कामावरच्या सगळ्यांना त्यांनी ही गोष्ट ऐकवली. प्रयोगशाळेत ती ठोकळ्यांचं कपाट उघडायची तेव्हा कुणीतरी विचारायचं, "काय बाई, मिस्टर ठीक ना?" आणि ती म्हणायची, "आहेत की, मेणात."

ती एका वेळी पन्नासेक काप काढून काचांवर चढवून ठेवी आणि दर मंगळवारी त्यातली एक काच रंगवी. संपले की पुन्हा ठोकळा यंत्रावर. काटकसरीची बाई, एक मायक्रॉन वाया घालवायची नाही, म्हणून तो इवलासा ठोकळा सहा वर्षं पुरला. रंगवून झालं की ती काच मोठ्या भिंगाखाली ठेवायची, पाचातल्या दोन नंबरच्या तुकड्यावर जायची, कारण जंतूंची गर्दी तिथेच होती, निळे नागमोडी जंतू बघायची आणि वहीत लिहायची: कंट्रोल ठीक. मग काच खोक्यात. मोठे डॉक्टरही बघत, पण तेही दोन नंबरच्याच तुकड्यावर, आणि तेही चहाचा घोट घेता घेता. आता या शहाण्या लोकांना कुणी विचारावं, की बाबांनो, काचेवर पाच तुकडे आहेत, तुम्ही बघता एक, मग उरलेले चार कशासाठी रंगवता? पण असं कुणी विचारत नाही. कंट्रोल हा रंगाची परीक्षा घ्यायला असतो. त्यालाही कधी एक पोट होतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

त्या वर्षी एक नवी डॉक्टरीण आली. किरकोळ अंगाची, केस कापलेली, प्रश्न फार विचारणारी. या जंतूंच्या प्रथिनांवरच तिचं संशोधन चाललं होतं. एका मंगळवारी मोठे डॉक्टर रजेवर होते म्हणून कंट्रोलची काच तिच्यापुढे गेली. तिला इथली रीत माहीत नव्हती. तिनं आधी लहान भिंग लावलं आणि सगळी काच एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चाळली. मग मोठं भिंग लावलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"बाई, हा कंट्रोल कुणाचा आहे?"

"का हो? जंतू दिसत नाहीत?"

"जंतू झकास दिसतात. पण चौथा तुकडा बघा. तुम्ही बघितलाय कधी?"

तीनबाई वाकली. चौथ्या तुकड्यात एकही जंतू नव्हता. जठराच्या पेशी एकमेकींना खेटून, एकाच दिशेला तोंड करून शिस्तीत उभ्या असतात. इथे त्या एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या, लांबट झाल्या होत्या. त्यांची केंद्रकं फुगून काळीनिळी झाली होती. कुठली बाजू वर आणि कुठली खाली याचा पत्ता नव्हता. अशा पेशी तिनं आयुष्यात हजारदा पाहिल्या होत्या.

"इथे जंतू का नाहीत?" तिनं विचारलं. प्रश्न चुकीचा होता, पण तेवढाच तोंडातून निघाला.

डॉक्टरणीला तिचा चेहरा दिसला नाही. आवडीचा विषय निघाल्यामुळे ती भिंगातच बघत बोलत राहिली. "पेशी एवढ्या बदलल्या की जंतूंना तिथे राहता येत नाही, मग ते दुसरीकडे जातात. जंतू शोधणारा माणूस इथे बघणारच नाही. खरी गंमत अशी, की हे जंतू पेशीच्या आत शिरतही नाहीत, बाहेर चिकटून बसतात. पण त्यातल्या काही जातींना एक बारीक सुई असते. तिनं ते आपलं प्रथिन पेशीत टोचतात. पेशीची यंत्रणाच त्या प्रथिनावर खूण करते आणि मग पेशी त्याचे हुकूम आपलेच समजून पाळते. शेजारणीशी असलेला सांधा सुटतो. वर कुठे, खाली कुठे याचं भान जातं. अंग लांबतं, वेळ नसताना पेशी दुणावतात. दुसरं एक प्रथिन आहे, ते पेशीत फुगे करून तिला पोखरतं. सगळ्यांचं असं होत नाही, बहुतेकांना आयुष्यभर नुसती सूज राहते. पण ज्यांचं असं होतं..." ती थांबली. "या रुग्णाला बोलावायला हवं, बाई. नंतर औषधं दिली असली तरी पेशी इथवर आल्यावर जंतू मेल्यानं सगळ्या माघारी येतीलच असं नाही. काढून किती दिवस झाले या तुकड्याला?"

"सहा वर्षं."

"पत्ता असेल का?"

"बोलवायला नको. माझे मिस्टर आहेत ते."

गेले चार महिने लिफ्टवाल्यांचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. दोन घास खाल्ले की पोट भरलंसं वाटायचं. पूर्वीच्या जळजळीसारखं काही नव्हतं, म्हणून दोघंही निर्धास्त होते. "वय झालं की माणसानं बारीकच व्हावं," ते म्हणायचे. ती त्या मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेली. ते दारातच बूट घालत होते.

"अहो, उद्या नळीची तपासणी करायची आहे."

"कुणाची?"

"तुमची."

"का? कंट्रोल बिघडला की काय तुमचा?" ते हसले. ती हसली नाही. मग त्यांनी बूट काढून ठेवले.

या खेपेला तिनं तुकडे शेजारच्या टेबलाला दिले. डॉक्टरणीनं अहवाल लिहिला तेव्हा दार लावून घेतलं. पुढे सगळं भराभर झालं. शस्त्रक्रियेसाठी पोट उघडलं, आत पाहिलं आणि काही न काढता शिवून टाकलं. कर्करोग यकृतापर्यंत गेला होता. सर्जननं तिला बाहेर बोलावून सांगितलं. तो हळू बोलत होता, पण तिला समजून घ्यायला काही वेळ लागला नाही. हे शब्द ती एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या अहवालांवर वाचत आली होती.

लिफ्टवाल्यांनी मात्र ते ज्या रीतीनं घेतलं त्याला तोड नाही. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले आणि तिसऱ्या दिवशी उठून बसले. भेटायला आलेल्यांना सांगू लागले, "यंत्र चांगलं चाललं साठ वर्षं. कुठली लिफ्ट कायम चालते? यात कुणाचा दोष नाही." हे शेवटचं वाक्य ते प्रत्येकाला म्हणायचे. त्याच्यावरच त्यांचं सगळं उभं होतं. कुणाचा दोष नाही म्हटलं की त्यांना झोप लागायची, पेज घशाखाली जायची.

आणि हिला ते वाक्य ऐकवत नव्हतं.

डॉक्टरणीनं तिला बजावलं होतं, "बाई, जुन्या काचा काढू नका. त्यातून कुणाला काही मिळणार नाही." पण ऐकेल तर ती तीनबाई कसली? एका दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, तिनं खोकी खाली उतरवली. दोनशे नव्वद काचा, प्रत्येकीवर मंगळवारची तारीख, तिच्याच अक्षरात. ती शेवटच्या काचेपासून मागे निघाली. दर काचेवर चौथा तुकडा, फक्त चौथा. दोनशे नव्वद, बिघडलेला. दोनशे पन्नास, बिघडलेला. दोनशे, दीडशे. भाग लहान होत चालला होता पण होता. एकशे बारावर तो तुकड्याच्या कडेला चार-पाच ग्रंथींएवढा उरला. एकशे अकरावर नव्हता. एकशे दहावरही नव्हता. तिनं एकशे बारा पुन्हा लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली.

म्हणजे मोठ्या डॉक्टरांचा पहिला अहवाल खोटा नव्हता. त्यांना दिलेल्या कापांत ते नव्हतंच, खाली खोलवर होतं. तिच्या पात्यानं थर थर काढत तिनंच ते वर आणलं होतं, आणि एकशे बाराव्या काचेपासून पुढे, जवळजवळ पावणेचार वर्षं, दर मंगळवारी ते तिच्या हाताखालून गेलं होतं. वही तिनं उघडून पाहिली. एकशे बारा: कंट्रोल ठीक. खाली तिची सही. तेव्हा कळलं असतं तर नळीतूनच तेवढं अस्तर सोलून काढता आलं असतं, आणि माणूस आठवड्याभरात पुन्हा लिफ्टच्या खोलीत दिसला असता. हे डॉक्टरणीला विचारायची तिला गरज नव्हती, पण तिनं विचारलं. डॉक्टरीण म्हणाली, "हो, बहुतेक."

सात दिवस तिनं ते पोटात ठेवलं. स्वयंपाकघरात उभी असताना, बसमध्ये, पात्याची धार बघताना तेच. नवरा कुणाला तरी म्हणायचा, "यात कुणाचा दोष नाही," आणि ती खोलीबाहेर जायची. तिला वाटू लागलं की हे न सांगणं म्हणजे मरणाऱ्या माणसाला फसवणं. खोटा काप तिनं कधी डॉक्टरांपुढे ठेवला नव्हता, मग घरात खोटं कसं ठेवायचं? असं तिनं स्वतःला समजावलं. मनाच्या तळाशी दुसरंच काही होतं, पण ते तिनं तेव्हा पाहिलं नाही.

आठव्या दिवशी दुपारी ती त्यांच्या खाटेशी बसली. खिडकीतून ऊन येत होतं. ते उशीला टेकून वर्तमानपत्र चाळत होते, चेहऱ्यावर बरा रंग होता. तिनं सगळं सांगितलं. चौथा तुकडा, एकशे बारावी काच, तारीख, सही, आणि तेव्हा काय करता आलं असतं तेही. काहीही गाळलं नाही, सजवलं नाही. ती बोलत असताना त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, मग त्या घडीची आणखी एक घडी केली.

"पावणेचार वर्षं," ते म्हणाले.

"हो."

"आठवड्याभरात कामावर गेलो असतो?"

"बहुतेक."

त्यांनी ती घडी उशीखाली सारली. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "मी विचारलं होतं का तुला?"

ती गोंधळली. "नाही. पण तुमच्यापासून लपवून..."

"मी विचारलं होतं का?"

"नाही."

"मग का सांगितलंस?"

आता मात्र तिच्या तोंडून खरं निघालं. "मला एकटीला पेलवत नव्हतं हो."

त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. "आणि मला पेलेल असं वाटलं तुला?" ते म्हणाले. "आता?"

त्यानंतर ते अकरा आठवडे जगले. भेटायला येणाऱ्यांना, यात कुणाचा दोष नाही, असं पुन्हा कधी म्हणाले नाहीत, आणि तिच्याबद्दल कुणाजवळ एक अक्षरही काढलं नाही. तिनं दिलेलं औषध घेतलं, तिनं भरवलेली पेज गिळली, उशी नीट केली की "बरं" म्हणाले. परिचारिकेची थट्टा केली, लिफ्टवाल्या मित्रांची केली, सर्जनचीही केली. तिची केली नाही.